टँकरवाल्याचा धबधबा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदचाचांचा फोन आला. "पडायलाय," एवढंच ते म्हणाले. मागून कुठल्यातरी गाडीचं इंजिन गुरगुरत होतं आणि फरशीवर पाना पडल्याचा आवाज आला. मी अंबाजोगाईला, कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. हातातलं पुस्तक तसंच धरून विचारलं, "नक्की?"

"मेव्हणा सांगायलाय माझा. सौताड्याला कणसं विकतो ना त्यो. म्हनला, आवाजानं गिऱ्हाइकाचं बोलनं ऐकू येईना. भाभीला सांग बेटी, उद्याच निघू."

मी पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवलं. ते लक्षात येऊनही काढलं नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर आभाळ भरून आलं होतं, गुलमोहराखाली तळं साचलं होतं, आणि मला शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी व्हायचं तसं व्हायला लागलं होतं.

आमच्याकडचा धबधबा बारमाही नसतो. बालाघाटाच्या पठारावरून विंचरणा नदी येते, म्हणजे नदीची वाट येते. पाणी त्या वाटेनं कधी येतं, कधी येत नाही. सौताड्याला जमीन एकदम संपते. तोवर आपण सोयाबीनच्या, तुरीच्या रानातून चाललेले असतो, पुढं असं काही असेल याची शंकाही येत नाही, आणि अचानक पायापुढं खोल हिरवी दरी उघडते. पाणी आलं असेल तर ते तिथून खाली उडी घेतं. नसेल तर काळा कातळ नुसता उन्हात तापत असतो, आणि त्यावर पाण्याच्या जुन्या वाटेचा पांढुरका पट्टा तेवढा दिसतो. जिल्ह्यातली माणसं पावसाळाभर एकमेकांना विचारत राहतात. पडायलाय का? अजून न्हाई. आणि मग एक दिवस कुणीतरी सांगतं, आणि जीपा, टेम्पो, दुचाक्या पाटोद्याच्या रस्त्याला लागतात.

यंदा आम्ही मात्र वैशाखापासून वाट बघत होतो. आमच्या शेताच्या बांधावर, लिंबाच्या फांदीला, पांढऱ्या फडक्यात अण्णांच्या अस्थी टांगलेल्या होत्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. नांदूरघाटच्या अलीकडं आमचं गाव. वैशाखातल्या एका पहाटे अंगणात तोंड धुता धुता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. गावची नदी तेव्हा वाळूचा नुसता पट्टा होती. तिसऱ्या दिवशी राख सावडली, तर ती वाहवायला पाणी नव्हतं. गावाला टँकर चालू होता. त्यावरच्या तरुण चालकानं गाडी पात्रापर्यंत आणली, पाइप लावला आणि राखेवर पाणी सोडलं. वाळूनं ते पाणी तिथल्या तिथं पिऊन टाकलं. सगळे खाली मान घालून उभे होते. आई मात्र पाइपाच्या तोंडाकडं बघत होती, पाणी बंद होईपर्यंत.

कारण अण्णा स्वतः टँकर चालवायचे. सगळं आयुष्य त्यांनी त्याच गाडीवर काढलं. मालक दुसरा, हे चालक. जिथं पाणी असेल तिथून भरायचं आणि जिथं नसेल तिथं नेऊन ओतायचं. दुष्काळाच्या वर्षी त्यांना दिवस-रात्र कळायची नाही. गावोगावच्या बायका त्यांना नावानं ओळखायच्या आणि शिव्याही नावानंच द्यायच्या. "कावून उशीर केलास रे मेल्या? लेकरं तोंड वासून बसलेत!"  अण्णा टाकीवर चढण्याआधी चपला काढून चाकाशी ठेवायचे, मग अनवाणी शिडी चढून झाकण उघडायचे. रशीदचाचा त्यांच्या गाडीचे मेकॅनिक आणि जुने दोस्त. ते खालून चिडवायचे, "काय बे, मज्जिदीत चाललास का?"

"लोकं पितेत बे हे," अण्णा वरून म्हणायचे.

तर राख वाळूत मुरली, पण अस्थी आईनं कुणाला दिल्या नाहीत. रीतीप्रमाणे त्या घरात आणायच्या नसतात, म्हणून बांधावर टांगल्या. धाकटे चुलते, नाना, तेराव्यानंतर समजवायला आले.

"वैनी, राक्षसभुवनला गोदामाय हाय. सकाळी जाऊ, दुपारला माघारी येऊ."

"तिथं पानी धरनातून सोडतेत," आई म्हणाली.

"मग काय झालं? गंगाच हाय ती."

"सोडलेलं पानी लई बघितलं त्यांनी, भाऊजी. कुनी वरून हुकूम केला की येनारं. मला आपल्या मनानं येनारं पानी पायजे. सौताड्याला नेनार मी."

"आन् औंदा पाऊसच न्हाई झाला तर?"

"तर पुढल्या साली."

नानांनी माझ्याकडं बघितलं. शिकलेली आहेस, तूच सांग, असा अर्थ होता त्या बघण्यात. मी काही सांगितलं नाही. मला आईचं म्हणणं पटलं होतं म्हणून नाही. सौताड्याचं नाव तिच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढं एकदम हंडेच हंडे आले म्हणून.

ते हंड्यांचं वर्ष मला अजून लख्ख आठवतं. मी बारावीला होते. लागोपाठ कोरडे पावसाळे गेले होते, आणि मग त्या साली आषाढापासून जो पाऊस लागला तो थांबेचना. विहिरी वरपर्यंत आल्या. टँकर बंद झाले. अण्णा घरी बसले. "पाऊस पडला की साऱ्या तालुक्यात एकटाच माणूस बेकार होतो," ते आनंदानं सांगत सुटायचे, "आन् त्यो मी हाय." दाढी करायचे, मिशीला तेल लावायचे, दुसऱ्याच्या बांधावर जाऊन पाणी कसं चाललंय ते बघत उभे राहायचे. घराला ओल आली होती. चुलीतली लाकडं पेटत नव्हती. धुराचा, ओल्या गोधड्यांचा आणि भाजलेल्या शेंगांचा मिळून एक वास घरात भरलेला असायचा. माझ्या पुस्तकांची पानं फुगली होती. त्या वासाचं पुस्तक आजही हातात आलं की मी उघडून नाकाशी धरते.

मग एका संध्याकाळी अण्णांनी मारुतीच्या पारासमोर जाहीर केलं, "उद्या सकाळी सगळ्या बायांनी चला. टेम्पो सांगितलाय. तुमाला पानी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आणि अण्णा पारापाशी गेलो, तर तिथं एकही बाई नव्हती. हंडे होते. पितळेचे, स्टीलचे, प्लॅस्टिकच्या घागरी, कळश्या, एकामागं एक, पारापासून थेट पिठाच्या गिरणीपर्यंत रांगेत लावलेले. टँकरच्या दिवसांत बायका रात्रीच भांडी लावून नंबर धरायच्या. सहलीचा नंबरही त्यांनी तसाच धरला होता. सगळ्यात पुढं चंद्रभागाकाकूंचा हंडा. टँकरलाही त्यांचाच नंबर पहिला असायचा.

थोड्या वेळानं काकू धुतलेलं लुगडं नेसून आल्या.

"आगं काकू, हांडा कशाला?" अण्णा कळवळून म्हणाले. "आपुन फिरायला चाललोय."

"तू नेतूस म्हनल्यावर पानीच की," काकू म्हणाल्या. "आन् गाडीत जागा माझी पुढं. हांडा बघ माझा कुठं हाय ते."

कुणीही भांडं मागं ठेवायला तयार होईना. टेम्पोत बायका कमी आणि भांडी जास्त. प्रत्येक खड्ड्याला सगळी मिळून अशी वाजायची की रस्त्यावरचे लोक वरात समजून थांबायचे.

सौताड्याच्या कठड्याशी आल्यावर त्या बायका गप्प झाल्या. एवढ्या साऱ्या बायका एकदम गप्प झालेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. समोर पाणी पडत होतं, पांढरं, जाड, न थांबता. चंद्रभागाकाकू बराच वेळ बघत राहिल्या. मग अण्णांकडं वळून हळूच, कुणाची तरी लबाडी पकडल्यासारख्या म्हणाल्या, "आन् हे कुनीच भरंना?"

"न्हाई."

"नंबर न्हाई?"

"न्हाई काकू."

"मग व्हा की बाजूला," असं म्हणून त्यांनी पदर खोचला.

खाली दरीत बायकांनी फुगड्या घातल्या, तुषारांखाली उभ्या राहून एकमेकींना ढकललं, एकीची चप्पल वाहून गेली तेव्हा तिच्यामागं सगळ्या धावल्या. मी घरून आणलेलं पुस्तक एका झाडाखाली बसून वाचणार होते. ते पहिल्या पानावरच भिजलं. आणि निघताना प्रत्येकीनं आपापलं भांडं भरून डोक्यावर घेतलं. ओल्या पायऱ्या चढत ती रांग वर निघाली. फिरायला आलेले लोक तोंडं उघडी टाकून बघत होते. अण्णा मागून ओरडत होते, "ओता गं बायांनो! गावात विहिरीला पानी हाय आता! लाज न्हाई ठेवली माझी!" एकीनंही ओतलं नाही. भरलेलं भांडं ओतून द्यायचं, हे त्यांच्या हातांना येतच नव्हतं. परतीच्या रस्त्यात ते सगळं पाणी हिंदकळून सगळ्यांच्या अंगावर सांडलं, आणि अण्णा पुढं बसून डोळ्यांत पाणी येईतो हसत होते.

तो माणूस आता फडक्यात फांदीला टांगला होता आणि यंदाचा पाऊस येत नव्हता. मृग कोरडा गेला. आषाढात ढग यायचे आणि कुणीतरी हाकलल्यासारखे निघून जायचे. मी दर शनिवारी एसटीनं गावी जायची. वाटेत सोयाबीन माना टाकून उभं दिसायचं. फाट्यावर उतरले की आधी बांधावरच्या लिंबाकडं बघायची. फडकं उन्हानं पिवळट झालं होतं. गावात कुजबुज होती की मेलेल्या माणसाला एवढं ताटकळत ठेवू नये. नाना पुन्हा एकदा येऊन गेले. आई रोज सांजेला लिंबाखाली जायची, तांब्याभर पाणी बुंध्याशी ओतायची आणि परत यायची. मी तिला एकदा विचारलं, खरंच पुढल्या साली? ती म्हणाली, "त्यांनी न्हाई का लोकांना ताटकळत ठेवलं? लोकांनी वाट बघितलीच की त्यांची. आता त्यांनी बघावी."

श्रावण सरता सरता पाऊस आला. पोळ्याला बैल चिखलातूनच मिरवले.

मृत्यूबद्दल मी बरंच वाचलं आहे. वैशाखापासून तर वेड्यासारखं वाचत होते. जे जे पुस्तक त्याबद्दल काही सांगेल असं वाटलं ते घरी नेत होते. पण अस्थी घेऊन निघताना माणसाला सहलीला निघाल्यासारखं होतं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. सकाळी आईनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी बांधली. दुखवट्यात माहेरहून आलेली हिरवट साडी आजवर तिनं घडीही मोडली नव्हती, ती नेसली. लिंबावरून गाठोडं उतरवून तिनं ते पदराखाली धरलं. रशीदचाचांनी टेम्पोचं दार उघडलं.

"भाभी, खिडकीपाशी बसा. दोस्ताला जरा बाहेर दिसू द्या."

मांजरसुंब्याच्या पुढं घाट लागला आणि आईचं बोलणं सुरू झालं. वैशाखापासून ती लागेल तेवढंच बोलायची. आता डोंगरातून उतरणारा प्रत्येक ओघळ तिला दिसत होता. "ते बघ! ह्यो बी भरलाय. आगं, त्या पुलाखाली बघ!" तरवड पिवळा फुलला होता. रस्त्याच्या कडेनं तांबडं पाणी आमच्याबरोबर धावत होतं. चाचा म्हणाले, "भाभी, नाला हाय त्यो. तुमी तर समुंदर बघितल्यासारखं करायलात." "तुमी गाडी चालवा," आई म्हणाली, आणि गाठोडं जरासं वर उचलून खिडकीच्या काठाला टेकवलं.

सौताड्याला चाचांनी टेम्पो लावला. आम्ही उतरलो. आई म्हणाली, "रशीदभाई, गाडी बंद करा की. उगं चालू कशाला?"

"बंदच हाय, भाभी."

मग तिला कळलं. तळपायांखाली जमीन बारीक थरथरत होती. ती भराभर कठड्याकडं निघाली, आणि मी तिच्यामागं अक्षरशः पळाले.

काय सांगू कसं होतं ते. जसं आठवत होतं त्याहून मोठं होतं. आठवणीतल्या गोष्टी मोठ्या झालेल्या असतात आणि परत बघितल्यावर लहान निघतात असा माझा अनुभव; इथं उलट झालं. नदी कड्यावरून नुसती पडत नव्हती, स्वतःला झोकून देत होती. मध्येच वारा यायचा आणि सगळी धार एका बाजूला कलायची, दरीतून धुकं उठून आमच्या तोंडावर यायचं. उतारावरची सीताफळाची झाडं लखलखत होती. खाली मंदिराचा कळस ओल्या झाडीतून जेमतेम दिसत होता. लोक हसत होते, ओरडत होते, फोन उंच धरून फोटो काढत होते, कुणाचं बाळ आवाजाला घाबरून रडत होतं, आणि निखाऱ्यावरच्या कणसांचा वास त्या सगळ्यातून वाट काढत येत होता. मीही ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नाही.

पायऱ्या निसरड्या होत्या. चाचांनी टेम्पोतून टामी बरोबर घेतली होती, चाक उघडायची लोखंडी पहार. "माकडांसाठी," ते म्हणाले. माकडांनी त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. टामीची काठी करून तेच जपून उतरत होते. खाली गेल्यावर झाडांतून ओढ्याच्या कडेनं पायवाट जाते. गर्दी मंदिरापाशी थांबते, पुढं माणसं कमी होतात. दगडांवर शेवाळ, पानांवरून टपटपणारं पाणी, मुळांमधून वाहणारे लहान लहान पाट. एका वळणावर पाणी संथ होतं. तिथं आई थांबली. गुडघे टेकून तिनं गाठोडं सोडायला घेतलं. गाठ उन्हापावसानं घट्ट झाली होती. मी मदत करायला वाकले.

आमच्या खाली, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर, एक बाई ओढ्यात कळशी बुडवत होती. वरच्या चहाच्या टपरीवरची असावी.

आईचा हात थांबला. "प्यायला का हो बाई?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"चहाला बी आन् प्यायला बी," ती बाई म्हणाली. "लई गोड पानी हाय."

आईनं सैल होत आलेली गाठ पुन्हा आवळली.

"आई, वाहतं पाणी आहे," मी म्हणाले. "यात काही राहत नाही. सगळे सोडतात." एवढे महिने ज्यासाठी थांबलो ते पाणी समोर होतं. माझा आवाज चढला असणार, कारण रशीदचाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वाहतं हाय म्हनून तर," आई म्हणाली. "खाली गावं हायती. चपला काढून टाकीवर चढनारा मानूस त्यो. त्याला मी लोकाच्या पिन्याच्या पान्यात टाकू?"

  आई गाठोडं छातीशी धरून दगडावर बसली. तिचा चेहरा बघवेना. बांधावर परत टांगायचं? नानांना काय सांगायचं? पाणी मिळालं आणि तेच नको झालं.

रशीदचाचा इकडंतिकडं बघत थोडे पुढं गेले. ओढा सोडून वरच्या अंगाला, कड्याच्या जवळ, एक उंबर होता. तिथं ते उभे राहिले आणि त्यांनी हात पुढं केला, पाऊस आहे का बघावं तसा. मग आम्हाला हाक मारली.

धबधब्याचे तुषार वाऱ्याबरोबर त्या उंबरापर्यंत येत होते. थांबत नव्हते. पानं, बुंधा, माती, सगळं गच्च भिजलेलं.

"इथं द्या, भाभी," ते म्हणाले. "आयुष्यभर पान्याकडं गेला त्यो. आता पानी येऊ द्या की त्याच्याकडं."

आईनं मातीकडं बघितलं, वर कड्याकडं बघितलं. "असं चालतं का?" तिनं मला विचारलं. शिकलेली म्हणून विचारलं. मी म्हणाले, "चालतं." कुठल्या पुस्तकाच्या आधारानं म्हणाले, देव जाणे.

चाचांनी चपला काढल्या. टामीनं उंबराशी खड्डा केला. माती लोण्यासारखी निघत होती. आईनं फडकं सोडून अस्थी आत ठेवल्या. "मिट्टी द्यायचं आमाला येतं, भाभी," असं म्हणून चाचांनी पहिली मूठ आईच्या हातात दिली, मग माझ्या, मग स्वतः घेतली. आम्ही हातांनीच खड्डा बुजवला. काही म्हणायचं असतं का, ते तिघांपैकी कुणालाच आठवलं नाही. तुषार पडत होते. ताजी माती बघता बघता बाकीच्या मातीसारखी झाली.

मग आम्हाला कडकडून भूक लागली. तिथंच, भिजत, दगडावर बसून आम्ही धपाट्यांची शिदोरी सोडली. आईची नवी साडी अंगाला चिकटली होती, केसांवर थेंबांची जाळी धरली होती. ती ओढ्याकडं बघत खात होती.

"ही नदी पुढं कुठं जाती गं?"

"जामखेडवरून पुढं सीनेला मिळते."

"आन् सीना?"

"भीमेला."

"भीमा?"

"कृष्णेला. आणि कृष्णा पार तिकडं, आंध्रात, समुद्राला."

आईनं घास हातातच ठेवला. "एवढ्या लांब?" ती म्हणाली. "कोन पोचवतं?"

"कुणी नाही आई. आपलं आपण जातं."

तिचा विश्वास बसला नसावा. तिनं रशीदचाचांकडं बघितलं. चाचांचं तोंड भरलेलं होतं. ते गिळून म्हणाले, "डिझेल बी लागत न्हाई, भाभी."

 आईला हसू फुटलं, असं की घास सांडला, ठसका लागला. पदरानं तोंड पुसत ती उठली, उंबराकडं तोंड केलं, आणि धबधब्याच्या वर आवाज चढवून, घरातून अंगणात हाक मारावी तशी ओरडली,

"आवं, ऐकलं का? डिझेल बी लागत न्हाई म्हनं!"

पायवाटेवर दोन पोरं फोटो काढत होती. ती थांबली, आणि ही कुणाला सांगतेय ते झाडीत शोधायला लागली.